युनूसभाईंचा डबा

युनूसभाई कुठंही गेले की आधी बटणं बघायचे, माणसं नंतर. रिकाम्या खोलीतला पंखा, दिवसा जळणारा बल्ब, कुणी ऐकत नसलेला रेडिओ, जे विनाकारण चालू दिसेल ते बंद करून मगच खुर्चीवर टेकायचे. एकदा आमच्या सचिव साहेबांच्या केबिनमध्ये शिरता शिरता त्यांनी कूलर बंद केला. मे महिना होता आणि साहेब आत बसलेले होते.

"माफ करा साहेब," भाई म्हणाले, "तुमी इतके चूप बसले होते, मले वाटलं खोली खाली हाय."

त्यांच्याबद्दल मी आजवर कुठं बोललो नाही. मुळात मला बोलायची सवय कमी, हे एक कारण. दुसरं कारण पुढं येईलच, ते सांगण्यासाठीच तर बसलोय.

अकोला आणि अमरावतीच्या मधल्या एका गावात आमचं बाजार समितीचं यार्ड. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. मी तिथं कम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा पंचविशीत होतो आणि रोजंदारीवर होतो. वीज दिवसातून कितीदा जाईल याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं आणि वीज ते वेळापत्रक पाळायची नाही. यार्डातल्या भोंग्यांचं सगळं काम युनूसभाईंकडं. अकोल्याला त्यांचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न, कीर्तन, उरूस, रिद्धपूरची जत्रा, वरूडकडचे संत्र्यांचे लिलाव, जिथं चार माणसांपेक्षा जास्त माणसांना ऐकवायचं असेल तिथं भाई. उंच, सडसडीत, पांढऱ्या कुडत्यावर तापल्या डागणीनं तारा जोडताना उडालेल्या ठिणग्यांची बारीक बारीक भोकं, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. बिघडलेलं मशीन समोर आलं की आधी ते हुंगायचे. "ट्रान्सफॉर्मर जळला," म्हणायचे, किंवा "आतमंदी पाल मेली." दोन्ही निदानं बहुतेक वेळा बरोबर निघायची. तार गुंडाळायची ती कोपरावर घेऊन, स्वतःच. दुसऱ्या कुणी गुंडाळलेली तार ते उलगडून पुन्हा गुंडाळायचे.

त्यांच्या दोन भाषा होत्या. एक रोजची, अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. दुसरी माइकची. माइक हातात आला की भाई पुण्याचे व्हायचे. "उपस्थित शेतकरी बांधवांना नम्र विनंती करण्यात येते की, आपापल्या बैलगाड्या वजनकाट्यापासून दूर उभ्या कराव्यात." माइक खाली ठेवला की त्याच श्वासात, "ए बावा, हटव ना तुहा खटारा, तुलेच सांगून राहिलो." आमच्या कम्प्युटरवर घोषणांसाठी मी त्यांचाच आवाज भरून घेतला होता. मालाची नावं, आकडे, सूचना, सगळं सुटं सुटं बोलून घेतलं होतं. रोजचे भाव मी टाकायचो, कम्प्युटर त्यांचे शब्द जोडून बोलायचा. त्यामुळे भाई अकोल्यात दुकानात चहा पीत असले तरी आमच्या यार्डात तुरीचा भाव सांगत असायचे.

वायफळ बोलण्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. चांदूर रेल्वेच्या एका लग्नात एक पुढारी शुभेच्छा द्यायला उभे राहिले आणि थांबेचनात. वधूवर उभे, पंगत खोळंबलेली. अचानक आवाज गेला. पुढाऱ्यांनी माइकवर टिचक्या मारल्या, फुंकर घातली, शेवटी हात जोडून खाली बसले. लगेच बँड सुरू झाला तोही भाईंच्याच भोंग्यांवर, खणखणीत. मी नंतर विचारलं, भाई, ते बोलत होते ना.

"बोलनं कवाच संपलं होतं," भाई म्हणाले. "तोंड चालू होतं."

आता डब्याकडे येतो.

आमच्या यार्डात एक रीत होती. इथं माल आणणारा कुणी गेल्याची बातमी आली, की त्या दिवशी लिलावाआधी दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं. हमाल पोतं खाली ठेवायचे, अडते टोप्या काढायचे, गेटजवळच्या भाजीवाल्या बायासुद्धा उठायच्या. त्या वर्षांत ही पाळी फार वेळा यायची. कसे गेले, हे कुणी कुणाला विचारत नसे.

एकदा अशाच वेळी भाई यार्डात होते. सगळे मान खाली घालून उभे, आणि भोंग्यांमधून चालू ॲम्प्लिफायरची गुणगुण, गूंऽऽ, दोन मिनिटं सलग. आम्हाला तिची सवय होती, ऐकूही येत नसे. भाईंना ऐकू आली. लिलाव सुरू झाल्यावर ते ऑफिसात आले आणि पंखा बंद न करताच बसले, यावरून मला कळलं की काहीतरी झालंय.

"मानूस गेला," ते म्हणाले, "अन् माही मशीन गुनगुनून राहिली."

हातानं बंद करता आलं नसतं का? आलं असतं. पण ॲम्प्लिफायर आणि त्याच्या बॅटऱ्या गोदामाच्या कोपऱ्यात, कम्प्युटर ऑफिसात, मधे अख्खं यार्ड. एक जण तिकडं पळवायचा, त्यानं बंद करायचं, पुन्हा घोषणेआधी चालू करायचं, हे दोन दिवस चालायचं आणि तिसऱ्या दिवशी विसरायचं. शिवाय दिवसभर चालू राहून ते बॅटऱ्या खाऊन टाकायचं, आणि वीज गेली की ऐन भावाच्या वेळी भोंगे मुके. भाईंनी ठरवलं की मशीननं स्वतःच उठायचं आणि स्वतःच झोपायचं. आवाज असेल तेवढाच वेळ जागं.

पहिला डबा त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात केला. तारेतून आवाज आला की आतला रिले 'टक' करून वीज जोडणार, आवाज थांबला की 'टक' करून तोडणार. कल्पना चांगली होती, पण भाव सांगताना दोन शब्दांच्या मधे जेवढी जागा असते तेवढ्यातही तो झोपायचा. "तूर", टक, "दर क्विंटल", टक. आणि ॲम्प्लिफायरला जागं व्हायला दोन सेकंद लागत, तोवर पहिला आकडा गिळला जाई. एका सकाळी त्या गिळलेल्या आकड्यावरून दोन अडत्यांची अशी जुंपली की हमालांनी मधे पडून सोडवलं.

चार दिवसांनी भाई आले ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "ऑपरेटर," ते मला नावानं कधी हाक मारत नसत, "आवाज भाईर आल्यावर त्याले पकडन्यात काय मतलब हाय? कम्प्युटरले पहिलेच मालूम असंल ना, का आपन आता बोलनार हावो म्हनून. त्यालेच पुस ना."

मी कम्प्युटर शिकलेला माणूस, पण हे मला सुचलं नव्हतं. आवाजाचं कार्ड कुणी वापरायला घेतलं आहे का, हे कम्प्युटरला दर क्षणाला विचारता येतं. घेतलं असेल तर प्रिंटरच्या जागेतून एक इशारा डब्याकडे, सोडलं की इशारा बंद. दहा-बारा ओळींचं काम होतं. भाईंनी डबा पुन्हा बांधला. पहिले शब्द गिळले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक घोषणेच्या सुरुवातीला मी दोन सेकंदांची शांतता टाकली.

"बरोबर हाय," भाई म्हणाले. "बोलायच्या पहिले मानसानं बी दोन सेकंद थांबावं."

डबा चालला. घोषणा आली की टक, भोंगे जागे; संपली की टक, गुणगुण बंद. बॅटऱ्या दिवसभर पुरू लागल्या. पुढच्या वेळी दोन मिनिटं उभं राहिलो तेव्हा भाई मुद्दाम आले होते. त्यांच्याच भरलेल्या आवाजात "सर्वांनी कृपया दोन मिनिटं शांत उभं राहावं" झालं, टक वाजलं, आणि मग खरंच काहीही ऐकू आलं नाही. लांबून रेल्वे गेली तेवढीच. भाईंनी डोळे मिटलेले होते. "युनूसभाईचा डबा खोटा उठत नाई," असं हमाल एकमेकांना सांगू लागले. भाईंना कुणी मशीनबद्दल चांगलं बोललं तर ते मशीनकडेच बघायचे, जणू शाबासकी तिला मिळाली.

एक गंमत मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी काही चुकीचं दाबलं की कम्प्युटर चार-पाच सेकंद घुमणारं 'टिंग' करायचा. आता टिंग म्हणजेही आवाजच. टक, आणि अख्ख्या यार्डाला टिंग. चार-पाच दिवसांत लोकांना त्याचा अर्थ कळला. दुपारी चहाला बाहेर आलो की हमाल म्हणायचे, "ऑपरेटर, आज सकाळपासून अकरा." भाजीवाल्या बाया माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायच्या. एकीनं चक्क विचारलं, "घरी काही टेन्शन हाय का जी?"

भाई पोट धरून हसले. मग गंभीर झाले. "एक कर. कोनं उठवलं ते डब्यानं लिवून ठेवलं पायजे. येळ अन् नाव." मी तशी यादी ठेवायची सोय केली, कोणत्या प्रोग्रामनं आवाज मागितला, त्याचं नाव आणि वेळ. "अन् आता असं कर," भाई म्हणाले, "का घोषनेचाच प्रोग्राम डब्याले उठवू शकंल. बाकी कोनी बी आलं तं डबा हलला नाई पायजे."

अर्ध्या तासाचं काम होतं. मी म्हणालो, करतो. केलं मात्र वेगळंच. सेटिंगमध्ये जाऊन टिंग तेवढं बंद केलं. टिंग यायचं थांबलं, लोकांची करमणूक संपली. पुढच्या खेपेला भाईंनी विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

भाईंनी पुन्हा विचारलं नाही. मशीनबद्दल कुणी खोटं बोलतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्या हिवाळ्यात किसनराव गेले. जवळच्या खेड्यातले; दर वर्षी तूर आणायचे, पोत्याच्या तोंडाशी बसून मूठ मूठ दाखवायचे. त्यांचा मुलगा गजानन त्या दिवशी उरलेली तूर घेऊन आला होता. गोदामासमोर, भोंग्याच्या खांबाखाली उभा होता. मी घोषणा लावली. भाईंचा आवाज झाला, टक वाजलं, यार्ड गप्प झालं.

माझ्यासमोर दोन मिनिटं होती. कम्प्युटरवर रंगीत गोळे फोडायचा एक खेळ होता, सकाळी अर्धा सोडलेला. खेळताना मी नेहमी मागची आवाजाची तार काढून ठेवायचो. त्या दिवशी घोषणेसाठी ती लावलेली होती. मी विसरलो. शेवटचे तीन गोळे राहिले होते, ते फोडले.

तो खेळ एरवी मुका असायचा, जिंकलो की मात्र टाळ्या वाजवायचा. एक-दोन नाही, नाटकगृहभर माणसं वाजवतात तशा. टक वाजलं. दोन सेकंद काही नाही. मग आठही भोंग्यांतून टाळ्या.

मी तार उपटेपर्यंत त्या वाजल्या. खिडकीतून मला गजानन दिसत होता. तो वर भोंग्याकडे बघत होता.

सचिव साहेब आत आले तेव्हा पडद्यावरून खेळ गेलेला होता. त्याच आठवड्यात माझी कायम होण्याची फाइल बैठकीसमोर जायची होती. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "डबा आपोआप उठला साहेब. मी हातसुद्धा लावला नव्हता."

दुपारच्या पॅसेंजरनं भाईंना बोलावून घेतलं. ऑफिसात साहेब, दोन अडते, दारात हमाल. भाईंनी डबा उघडला, हुंगला, बंद केला. मग माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाले, "यादी काढ."

काढावी लागली. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता यायची. सुट्या भागांवरचे नंबर वाचून वाचून जमलं होतं. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर लावलं. घोषणा. मग खेळाचं नाव. बोट तिथं थोडा वेळ थांबलं. घोषणेशिवाय दुसरं कुणी डब्याला उठवू शकत नाही, असं मी त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. नवीन मशीनकडे बघतात तसं पाहिलं. मी टेबलाकडे बघत होतो.

"साहेब," भाई वळून म्हणाले, "माही गलती हाय. लंबी तार हाय ना, तिनं रेडिओ पकडला. कनेक्शन ढिलं राह्यलं माह्याकून."

लांब तारा कधी कधी रेडिओ पकडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी मान्य केलं. भोंग्यांचं काम त्याच दिवशी दुसऱ्या माणसाकडे गेलं. भाईंनी डबा सोडवून काखेत घेतला आणि जाता जाता माझा मॉनिटर बंद केला. एवढंच.

माझी फाइल मंजूर झाली.

भाईंच्या मागं त्या टाळ्या कितीतरी वर्षं लागल्या. अकोल्यात, बडनेऱ्यात, लग्नाच्या मांडवात कुणीतरी म्हणायचंच, "भाई, आज टाळ्या वाजवू नका बरं मधातच." भाई हसायचे. "माही मशीन लय खुश तबियतची हाय बावा. तिले राहवत नाई." मी कुठं समोर आलो तर चौकशी करायचे, चहा पाजायचे, माझ्या पोरीला त्यांनी जुन्या सुट्या भागांची शिट्टी करून दिली होती. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मला ते शिव्यांपेक्षा जड जायचं, पण मी तेही कधी बोललो नाही.

गेल्या वर्षी यार्डात नवीन लिलावगृह झालं. कार्यक्रमात जुन्या कर्मचाऱ्यांचा सत्कार होता, त्यात मी. साउंडला कोण आलंय म्हणून पाहिलं तर कोपऱ्यात युनूसभाई. दाढी पांढरी, कुडत्याला तीच भोकं. नवे सचिव तरुण होते, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. मला शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. समोर पहिल्या रांगेत गजानन बसला होता. आता तो समितीचा सदस्य आहे. मला काय झालं कोण जाणे. मी माइक धरला.

"मंडळी, बरीच वर्षं झाली. या यार्डात एकदा शोकसभेत टाळ्या वाजल्या होत्या. तेव्हा ज्यांच्यावर..."

टक.

मी बोलत राहिलो, पण पुढच्या रांगेलाही ऐकू जाईना. लोक चुळबुळू लागले. कोपऱ्यात भाई उभे राहिले आणि माइक नसताना, माइकच्या मराठीत, खणखणीत म्हणाले, "उपस्थितांनी कृपया क्षमा करावी. आमच्याकडील जोडणी ढिली झालेली आहे."

लोक हसले, चहा आला, कार्यक्रम संपला. खुर्च्या उचलायला लागले तेव्हा मी त्यांच्याजवळ गेलो. ते कोपरावर तार गुंडाळत होते.

"भाई, काहून बंद केलं? मी खरं सांगून राहिलो होतो."

"मालूम हाय."

"मग?"

"माइकवर माफी मागतली का लोकं टाळ्या वाजवतात," भाई म्हणाले. तारेचा एक वेढा चुकला होता, तो त्यांनी सोडवला. "पुन्हा टाळ्या पायजेत का तुले?"

मी हातातला नारळ खुर्चीवर ठेवला.

"ज्याच्या बाच्या येळेले वाजल्या, त्याच्या घरी जाय. म्या गेलतो तवा."

हे मला माहीत नव्हतं. रविवारी स्कूटर काढली आणि गजाननच्या गावाला गेलो. त्यानं ओट्यावर खुर्ची टाकली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, खेळ, तार, न केलेलं अर्ध्या तासाचं काम, झालं म्हणून मारलेली थाप.

"भाई त्याच दिवशी आले होते," तो म्हणाला. "म्या लय बोललो त्याईले. त्याईनं आयकून घेतलं. मंग आतमंदी गेले, बाचा बंद पडलेला रेडिओ दिसला, तो खोलून बसले. सुदरवूनच उठले. म्या म्हनलं, जाऊ द्या भाई, बाले जिंदगीत कोनी टाळी वाजवली नाई, वाजल्या तं वाजल्या." मग माझ्याकडे बघून, "कोन्ता गेम होता जी?"

सांगितलं.

"जितले होते?"

"हो."

"मंग ठीक हाय." तो हसला की नाही, हे मला नीट सांगता येणार नाही, आत चहा सांगायला वळला होता. निघताना मात्र फाटकाशी म्हणाला, "माहं सोडा. पन भाईचं नाव खराब झालं ना. थे लोकाईले सांगा. माइकवर ते बोलू देत नाईत तं लिवून काढा."

म्हणून हे लिहिलं. डबा बिघडलेला नव्हता. तो कधीच खोटा उठला नाही. उठवलं मी.

गजाननच्या गावाहून मी तडक अकोल्याला गेलो. भाई दुकानात एका ॲम्प्लिफायरवर वाकले होते, वरच्या फळीवर तो बिस्किटाचा डबा, आता खिळ्यांनी भरलेला. मी दारातच म्हणालो, "भाई, सांगून आलो."

"हं," ते म्हणाले. डागणी खाली ठेवली, उठले, माझ्या बाजूनं बाहेर गेले. मला वाटलं चहा सांगायला निघाले. ते माझ्या स्कूटरपाशी थांबले, वाकून मी घाईत तशीच सोडलेली चावी फिरवली. गावाच्या फाट्यावर वळताना लावलेला उजवा इंडिकेटर तेव्हापासून लुकलुकत होता. तो विझला.

"कवापासून चालू ठेवला होता," भाई म्हणाले, आणि चावी माझ्या हातात देऊन पुन्हा कामावर वाकले.